कोपरा फाडलेलं पत्र

"मालकांची पत्रं" असं कोणी माझ्यासमोर म्हटलं की माझं डोकं अजून फिरतं. कंपनी गेली, मालक गेले, निजामाचं राज्य गेलं, तरी फिरतं. "काय भाषा हो वैनी! स्टेजवर ते पत्र म्हणायला लागले की दगडाला पाझर फुटायचा." असं म्हणतात आणि वर, "तुम्ही भाग्यवान." भाग्यवान! टाक धरून धरून माझ्या बोटाला घट्टा पडला, तो बघून कोणी भाग्यवान म्हटलं नाही. तर एकदाच सांगते आणि स्वच्छ सांगते. ती पत्रं माझी. पहिल्या साष्टांग नमस्कारापासून शेवटच्या "लोभ असावा" पर्यंत सगळी माझी. खालची सही तेवढी त्यांची, आणि तीसुद्धा मीच ठोकत होते.

मालक म्हणजे माझा नवरा. नाटक कंपनी त्यांची आणि तिच्यातला मुख्य नटही तेच. घर मैलूरचं, बीदरला अगदी लागून. शेत कमठाण्याच्या शिवारात. धाकटे दीर शेती बघायचे आणि हे तोंडाला रंग लावून गावोगाव. जिथं जत्रा भरेल, उरूस भरेल, तिथं आमचा तंबू. कंपनीत सगळे त्यांना मालक म्हणत, म्हणून मीही मालकच म्हणायला लागले. नाहीतरी नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात चाल नव्हती.

माझं माहेर सोलापूरकडचं, इंग्रजी मुलखातलं. वडील शाळामास्तर. त्यांनी मला मराठीच्या चार इयत्ता पुऱ्या करवल्या आणि मग मोगलाईत दिली. निजामाच्या मुलखाला आमच्याकडं मोगलाईच म्हणत. लग्नानंतर महिनाभरात मला कळून चुकलं की स्टेजवर पान पान मराठी भाषणं घडाघडा म्हणणाऱ्या ह्या माणसाला मराठी लिहिता येत नाही. वाचायचं म्हटलं तरी एकेक अक्षर लावत बसायचे. त्यात त्यांची चूक नव्हती. घरात मराठी, बाजारात कानडी आणि शाळेत सगळं उर्दू. उर्दू मात्र असं देखणं लिहायचे की कचेरीतले मुन्शी अर्ज उचलून उजेडात धरायचे. खेळाची परवानगी मागायची ती स्वतःच्या हातानं. आणि नाटकातली भूमिका? तीही उर्दू अक्षरांत उतरवून घ्यायचे. वाक्यं मराठी, पण लिहिलेली उजवीकडून डावीकडं. देवाचं काम असो नाहीतर राजाचं, पाठ व्हायचं ते त्याच वहीवरून. माझे भाऊ ती वही बघून पोट धरून हसायचे. मला तिचं कौतुक वाटायचं, खोटं कशाला बोलू.

पण नाटकाचा सगळा गोतावळा होता सोलापूर, अक्कलकोट, पंढरपूरकडचा. नट तिकडचे, नाटककार तिकडचे, पडदे रंगवणारा तिकडचा. त्यांना उर्दू कुठलं वाचता यायला? आणि मराठी नाटकाच्या मालकाला मराठी लिहिता येत नाही हे बाहेर फुटलं तर अब्रू काय राहिली? म्हणून दुपारची जेवणं आटोपली की मालक आडवे व्हायचे, तळपायाला तेल चोळून घ्यायचे आणि मला म्हणायचे, "त्येला कळीव गं."

"काय कळवू?"

"कळीव की, असं कामून करायलास म्हणून. जरा रागाव. पर तुटू देऊ नको. तुला ठावं हाय सगळं."

झालं. मजकूर एवढाच. पुढच्या क्षणाला घोरणं सुरू. रागवायचं मी, समजूत घालायची मी, तुटू द्यायचं नाही तेही मी. वरून "संपलं का न्हाई अजून? किती लिवायलीस!" हेही मीच ऐकायचं.

एकदा आमचा नायिकेचं काम करणारा नट रुसून अक्कलकोटला निघून गेला. कारण काय, तर पंगतीत त्याच्याआधी पेटीवाल्याच्या भातावर तूप पडलं! कंपनीत पंगतीचा मान फार मोठा. जत्रा आठवड्यावर आलेली, दुसरा नायिका करणारा नाही. मालक म्हणाले, "त्येला कळीव." मी लिहिलं, "आपण गेल्यापासून आपल्या शालूची घडी आम्ही कोणाला मोडू दिली नाही. तो दुसऱ्याला नेसवायचा तर पोलकं उसवावं लागेल, कारण आपल्या खांद्यांची ठेवण दुसऱ्याला नाही." जत्रेच्या आदल्या दिवशी गडी हजर. डोळ्यांतनं पाण्याच्या धारा. मालकांच्या पायांवर पडला आणि म्हणाला, "मालक, तुम्ही माझ्या खांद्यांकडं बघितलंत!" अरे बाबा, मालकांनी कुठले बघितलेत तुझे खांदे! पोलक्याला टाके मी घालत होते, मापं माझ्याकडं होती. मालकांनी त्याला उठवून छातीशी धरलं आणि आजूबाजूचे सगळे डोळे पुसायला लागले. माझ्याकडं कुणी ढुंकूनसुद्धा बघितलं नाही.

कंपनीत बाप्ये मिशा काढून बायका व्हायचे, त्यांना टाळ्या पडायच्या. मी कागदावर मिशा लावून बाप्या होत होते, तर मला कोणी विचारत नव्हतं. आणि सांगते, मला ते काम आवडायचं. माझ्या तोंडून एवढंसं निघालं तर सासू म्हणायची, "लई बोलायलीस." कागदावर मात्र मी बोलले की लांबलांबचे मोठे मोठे पुरुष ऐकायचे. राग येतो तो त्या कामाचा नव्हे.

ह्या गोतावळ्यात सगळ्यात मोठा माणूस म्हणजे आमचे नाटककार. राहायला सोलापूरला. कंपनीची चांगली चाललेली नाटकं त्यांचीच. त्यांचं-आमचं पत्र दर पंधरवड्याला ठरलेलं. त्यांचं आलं की मी मालकांना वाचून दाखवायची. मालकांना एकाच गोष्टीची घाई, "पुढचं नाटक कवा देतोय त्ये तेवढं बग." ते सापडलं की बाकीचं नको. बाकीचं मी माझ्यासाठी वाचायची. त्यांनी काय वाचलं, बायकोचं दुखणं कसं आहे, एखाद्या प्रवेशात माणसं गप्प राहिली तर चालेल का, असं काय काय लिहायचे. मी उत्तरं द्यायची. एका नाटकाच्या शेवटी नायिका धाय मोकलून रडते असं त्यांनी लिहिलं होतं. मी लिहिलं, घरात एवढं घडल्यावर बाई रडत बसणार नाही, ती संध्याकाळचे तांदूळ निवडायला घेईल, कारण माणसं जेवायची राहिलेली असतात. त्यांनी तसं बदललं. त्या प्रवेशाला वर्षानुवर्षं सुपातल्या तांदळाचा आवाज ऐकू यावा इतकी शांतता पसरायची.

पुढं नाटककार एकदा मैलूरला आले. मी चहा घेऊन गेले तर ते मालकांना विचारत होते, "ते तांदळाचं तुम्हाला सुचलं कसं? बाईच्या मनातलं इतकं आतलं!"

मालकांनी पान दुमडलं, गालात सारलं आणि म्हणाले, "बायकांत राहतो न्हवं आम्ही. कळतंय की."

माझ्या हातात कपबश्या होत्या. फेकल्या नाहीत हे माझ्या आईबापाचे संस्कार. नाटककार गेल्यावर मी विचारलं, "खरं सांगायला काय जिभेला काटे आले होते?"

"काय सांगू गं? मला लिवाया येत न्हाई म्हणू? उद्या नाटक दुसऱ्याला देईल त्यो. एवढी माणसं जेवायल्यात आपल्या जिवावर."

लोकांचं पोट पुढं केलं की बाईनं गप्प बसायचं. मी बसले. आजही त्याचा संताप येतो, आणि त्यांचा येतो तेवढाच माझाही येतो.

आम्हाला एकच मुलगी झाली. बापासारखा खणखणीत आवाज आणि माझ्यासारखं फाटकं तोंड. सहा वर्षांची होती तेव्हा तिला गोवर आला. कंपनी गुलबर्ग्याला, मी तिला घेऊन मैलूरला. मालकांना निरोप धाडला, तर उलट निरोप आला की मोठे अंमलदार खेळाला यायचेत, दोन खेळ झाले की निघतो. गोवर बाहेर न पडता आत गेला. नवव्या दिवशी पोर गेली. मालक आले ते ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी. अंगणात बसून कपाळ बडवून घेतलं, ओरडून रडले. ते रडणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. पण पाचव्या दिवशी मोटारीत पाय ठेवता ठेवता मला म्हणाले, "सगळ्यांस्नी कळीव."

"काय कळवू?" मी विचारलं.

"तुला ठावं हाय," असं म्हणून मोटारीत बसले.

मग मी बसले कळवायला. नटांना, नातलगांना दोन-दोन ओळी खरडल्या. नाटककारांना मात्र चार पानं लिहिली. का? तर इतकी वर्षं मी मनातलं बोलत होते ते त्या एका माणसाशी. ते मला ओळखत नव्हते, पण मी त्यांना ओळखत होते. आता नाव मालकांचं, म्हणजे बोलणार बाप. मग त्या पत्रात मी बापाला पोरीच्या उशाशी बसवलं. नऊ दिवस बसवलं. तिला पाण्याचा घोट त्याच्या हातानं पाजला. तिनं शेवटचं काय विचारलं तेही त्यालाच विचारलं असं लिहिलं. तो बाप तिकडं अंमलदारांसमोर राजा होऊन तलवार फिरवत होता! पण सही त्याची, मग उशाशी दुसरं कोण बसणार?

पत्र संपवलं आणि कागदाचा एक कोपरा फाडला. आमच्यात शुभ पत्राच्या कोपऱ्याला कुंकू लावतात आणि मरणाची बातमी असली की कोपरा फाडतात. असं पत्र उंबऱ्याच्या बाहेर वाचायचं, तिथंच फाडून टाकायचं, आंघोळ करायची आणि मग घरात यायचं. ते पत्र घरात ठेवत नाहीत. हे शहाण्याला ठाऊक, अडाण्याला ठाऊक. त्याच भरवशावर मी एवढं मन मोकळं केलं होतं. एक माणूस ते एकदा वाचेल आणि फाडेल, म्हणजे माझं दुःख जगातून एकदा फिरून नाहीसं होईल.

मग दिवस पालटले. बोलपट आले. गुलबर्ग्याला तंबूत पडद्यावर माणसं बोलायला, गायला लागली आणि आमच्यासमोरच्या खुर्च्या रिकाम्या पडायला लागल्या. नायिका करणारा तो खांद्यांचा नट मिशा वाढवून किराण्याच्या दुकानात बसला. मालकांचे केस पिकले. तेव्हा नाटककारांच्या डोक्यातून निघालं की गुलबर्ग्यात मालकांचा सत्कार करायचा, आणि त्या दिवशी नाटकाच्या जोडीला मालकांनी आपली जुनी पत्रं स्टेजवर म्हणून दाखवायची. "हे कोणी केलेलं नाही. लोक तुटून पडतील बघा," असं म्हणत ते स्वतःकडच्या आणि नटांकडून मागून आणलेल्या पत्रांचं गाठोडं घेऊन मैलूरला आले.

ओटीवर गाठोडं सोडलं. माझं अक्षर, वर्षं-वर्षांचं. मला आधी बरं वाटलं, लपवत नाही. आणि मग त्यात मला तो कागद दिसला. एक कोपरा नाही.

"हे फाडलं नाहीत तुम्ही?" मी विचारलं. नाटककारांशी मी स्वतःहून बोलले ती पहिलीच वेळ असेल.

"वहिनी, असं पत्र फाडतात होय? हे साहित्य आहे. मी हे किती वेळा वाचलं असेन!"

अंगाला आग लागली माझ्या. माझी पोर साहित्य? शिकलेला माणूस, चार लोकांत मान असलेला, त्याला मेलेल्याचं पत्र घरात ठेवू नये एवढं कळू नये? मी म्हणाले, "ते पत्र मी लिहिलंय. मला परत द्या."

ते हसले. वाईट नाही हसले, मायेनंच हसले, म्हणून तर जास्त झोंबलं. "अक्षर तुमचंच आहे, ठाऊक आहे मला. मालक सांगतात की, तुम्ही लिहून घेत होतात म्हणून."

मी मालकांकडं बघितलं. मालक सुपारी कातरत होते. कातरतच राहिले.

नाटककार जेवून झोपल्यावर मालक माझ्यामागं स्वयंपाकघरात आले. आधी मी बोलले. काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. बाकीची पत्रं म्हणा, शालूचं म्हणा, तांदळाचं म्हणा, माझ्या नावाचा एक शब्द काढू नका, मला नको तुमचं नाव. पण त्या एका पत्राला हात लावायचा नाही. ते फाडायचं होतं, ते फाडू द्या.

मालक खाली बसले. म्हणाले, "त्येच एक पत्र हाय गं. बाकीच्यात हसत्याल लोकं. त्या पत्रात रडत्याल. रडले तर पुन्हा येत्याल. कंपनी बसायलीय, दिसंना का तुला?"

"बसू दे."

"एकदा. एकदाच म्हणतो. म्हणून झालं की कागद तुझ्या हातात. फाड न्हाईतर चुलीत घाल. पोरीची आण."

पोरीची आण घेतली. मी कशाला ऐकलं? पण ऐकलं. कंपनीसाठी नाही ऐकलं. तो कागद माझ्या हातात यावा, एवढ्यासाठी ऐकलं. मी अट घातली की त्या दिवशी विंगेत मी स्वतः उभी राहणार, ते पत्र माझ्या हातात असणार आणि म्हणून झालं की पुन्हा कोणाच्या हातात जाणार नाही. मालक कबूल झाले.

आता पुढचं ऐका. पत्र बाळबोध लिपीत आणि मालकांना बाळबोध धड वाचता येईना. मग पाठ कोणी करून घ्यायचं? मी! माझंच पत्र मी वाचायचं आणि मालकांनी समोर मांडी घालून ते उर्दू अक्षरांत उतरवून घ्यायचं. आठ दिवस हे चाललं. त्यांनी ते पत्र त्याआधी कधी ऐकलंच नव्हतं. "तुला ठावं हाय" म्हणून गेले ते गेले, मी काय लिहिलं ते विचारायला परत आले नाहीत. पोर आजारी पडली, काय बोलली, कशी गेली, हे त्या माणसाला पहिल्यांदा कळत होतं, तेही पाठ करण्यासाठी. मधेच मला थांबवून विचारायचे, "हितं दम घ्यावा का? का एका दमात म्हणू?" मी म्हणायची, "तुमचं तुम्ही बघा." आणि आत जाऊन भांडी आपटायची.

गुलबर्ग्याला थिएटर भरलं. खरंच भरलं. बाकांवर माणूस, भिंतीला टेकून माणूस, बांबूच्या चिकाच्या पडद्याआड बायका. अंमलदार पहिल्या रांगेत. मालक साधं धोतर आणि पांढरी बंडी घालून आले, तोंडाला रंग नाही. शालूचं पत्र म्हटलं, हशा. तांदळाचं म्हटलं, टाळ्या. मग खुर्चीत बसले, खाली बघितलं आणि ते पत्र सुरू केलं.

मी विंगेत कागद धरून उभी होते. एकही शब्द सांगावा लागला नाही. "तिला तिचा हिरवा परकर नेसवला, जरीकाठाचा, तिला फार आवडणारा," ह्या ओळीशी ते आले आणि त्यांचा आवाज फाटला. खरा फाटला. माझा नवरा आहे, नाटकातला फाटलेला आवाज आणि खरा फाटलेला आवाज मला कळतो. सगळं थिएटर हुंदके देत होतं. आणि मी, जिनं आठ दिवस दातओठ खाल्ले होते, त्या माझा राग उतरला. वाटलं, उशिरा का होईना, बाप पोरीच्या उशाशी बसला. वाटलं, आता बाहेर येतील, दोघं मिळून कागद फाडू.

पत्र संपलं. मग टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि त्यात मागच्या बाकांवरून कोणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!"

गाण्याला वन्स मोअर देतात हो! पदाला देतात, तानेला देतात! माझ्या लेकराच्या मरणाला वन्स मोअर? एकानं म्हटलं की सगळ्यांनी उचललं. "वन्स मोअर! वन्स मोअर!" ह्या लोकांना दोष तरी काय द्यायचा. नाटक आवडलं की हेच ओरडायचं, एवढंच त्यांना ठाऊक. पण ज्याची पोर त्याला तर कळावं!

मालकांनी विंगेकडं बघितलं. मी मान हलवली. नाही. हात जोडले. एका हातात तो कागद होता, तरी जोडले. त्यांनी बघितलं, शपथ घेऊन सांगते, त्यांनी मला बघितलं. मग लोकांकडं तोंड केलं, नमस्कार केला, पुन्हा खुर्चीत बसले, खाली मान घातली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

दुसऱ्यांदा अजून चांगलं म्हटलं. हिरव्या परकराची ओळ आली आणि त्यांनी आवाज फाडला. बरोब्बर त्याच शब्दावर, बरोब्बर तेवढाच. लोक रडले आणि त्यांनी ते थोडं थांबून रडू दिलं. मी खाली बसले. पेटीवाल्यानं पाणी आणून दिलं, "अक्का, कामून बसलाव?" म्हणाला.

पडदा पडला. मालक विंगेत आले, घामानं न्हालेले, तोंडावर असा आनंद जो मी कैक वर्षांत बघितला नव्हता. म्हणाले, "बघितलीस का? लोकांनी धरलंय! उदगीरला म्हणू, बीदरला म्हणू. ह्येच्यावर कंपनी उभी राहतीय बघ."

मी उठले आणि त्यांच्या डोळ्यांसमोर ते पत्र फाडलं. उभं फाडलं, आडवं फाडलं, तुकड्यांचे तुकडे केले. मला वाटलं हात धरतील. त्यांनी हात धरला नाही. टॉवेलनं मान पुसत म्हणाले, "फाड की. तुला फाडायचंच हुतं. मला पाठ हाय."

पाठ मीच करून घेतलं होतं. आठ दिवस बसून.

मग मी एवढंच विचारलं, "पोर गेली तेव्हा तिच्या अंगावर काय होतं?"

"हिरवा परकर," ते लगेच म्हणाले. "जरीकाठाचा. कामून विचारायलीस?"

हिरवा परकर नव्हता. तिच्याकडं हिरवा परकर कधी नव्हताच. नाटककारांसारखा माणूस वाचणार, मालकाच्या पोरीला शोभेल असं काहीतरी हवं, म्हणून तो मी कागदावर नेसवला होता. खरं काय होतं ते मला ठाऊक आहे. ते माझ्या ओठांपर्यंत आलं होतं, पण मी बोलले नाही. तेव्हाही सांगितलं नाही आणि इथंही लिहिणार नाही. सांगितलं असतं तर त्यांनी तेही पाठ केलं असतं.